ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण मिक्सरच्या वायरीविषयी बोललो. त्यावर पत्रं बरीच आली. त्यातलं एक ब्रह्मपुरीकडच्या एका भगिनीचं आहे, चांगलं चार पानी. मिक्सरबद्दल त्यात एकच ओळ. बाकी सगळं पत्र निराळ्याच गोष्टीचं. तिच्या परवानगीनं त्यातला थोडा भाग देते.

"ताई, तुम्ही इस्त्रीचं सांगता, मिक्सरचं सांगता. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्याचं कोण सांगणार? ट्रॉलीला मागं दिवा नाही. होता, पण तीन वर्षांपूर्वी फुटला, तेव्हापासून नाही. हे धानाचे कट्टे घेऊन राइस मिलवर जातात. यायला रात्रीचे दहा-अकरा होतात. मागच्या मंडईला शेजारच्या गावचा एक मुलगा नाटक पाहून पहाटे मोटारसायकलनं परत येत होता. रस्त्यात तणसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. त्याला ती दिसलीच नाही. बावीस वर्षांचा होता. ट्रॉली आमची नव्हती. पण आमची असती तरी तसंच झालं असतं, हे माझ्या मनातून जात नाही. यांना म्हटलं तर म्हणतात, 'समोर लाइट आहे ना? मागचा कायले पाहिजे? आपल्याले तर समोर पाहाचं आहे.'"

पत्र वाचलं आणि त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. चंद्रपूरहून मूलला जा, नाहीतर वडशाहून आरमोरीला, गाव संपलं की जंगल सुरू. रस्त्यावर खांब नाही, दुकानाचा उजेड नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि नेमकी तीच धानाची घाई. चुरणं झालेलं असतं, खरेदी केंद्रावर नंबर लागलेला असतो, मिलवाल्यानं बोलावलेलं असतं. त्याच दिवसांत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. म्हणजे रस्त्यावर एकीकडे न दिसणाऱ्या ट्रॉल्या, आणि दुसरीकडे झोपेनं डोळे जड झालेली पोरं.

माझं माहेर मूलचं. आमच्या आजोबांच्या बंडीला रात्री आसाखाली कंदील बांधलेला असायचा. वाती कापून, काच पुसून तो तयार ठेवणं हे आजीचं काम. बंडी निघायच्या आधी ती स्वतः वाकून पाहायची. त्या काळी मागून येणार काय, तर दुसरी बंडी. तरीही कंदील लागायचा. आता मागून साठच्या वेगानं मोटारसायकल येते आणि ट्रॉलीला दिवा नाही.

थोडा हिशेब करून पाहा. भाजीच्या हिशेबाहून तो कठीण नाही. ताशी साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला साधारण सतरा मीटर. खाली उतरवलेल्या हेडलाइटमध्ये मातीनं माखलेली काळपट वस्तू दिसते ती तीस-चाळीस मीटरवर आल्यावर. दिसली, मेंदूनं ओळखली, पाय ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद जातो. म्हणजे सतरा ते पंचवीस मीटर तिथंच संपले. पुढं ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर तरी हवेत. बेरीज तुम्हीच करा. त्यात समोरून ट्रक आला नि डोळे दिपले, की तीस मीटरही उरत नाहीत. याला चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणून भागत नाही. शुद्धीवर असलेला, बेताच्या वेगानं जाणारा माणूसही तिथं आपटतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, घरात वाद झाला तर उपयोगी पडेल. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागं लाल उजेडाचे दोन दिवे हवेत आणि ते 155 मीटरवरून दिसले पाहिजेत. शिवाय दोन लाल रिफ्लेक्टर. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं दिवे लागलेलेच हवेत. ट्रॉली त्यातून सुटत नाही. आता 155 मीटर आणि तो तीस मीटरचा हिशेब शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दिवा कशासाठी ते यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

तर आता कामाकडं वळू. हे काम वायरिंगवाल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यायचं आहे, पण काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. नाहीतर काय होतं, ते माझ्या भावाच्या ट्रॉलीवरून सांगते.

भावानं दोन वर्षांपूर्वी नवे दिवे बसवून घेतले. पहिले आठ दिवस झकास. मग एके दिवशी अंगणात उभं राहून मी पाहते तो काय, त्यानं ब्रेक दाबला की लाल दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतोय! इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकतोय! मिस्त्री आला, बल्ब बदलून गेला. पुन्हा तेच. पुन्हा आला, पुन्हा बल्ब. तिसऱ्यांदा बल्बचे पैसे मागितले तेव्हा मी म्हटलं, थांबा जरा. भाऊ हसून म्हणाला, "ताई, तुले काय समजते यातलं?"

मला समजत होतं ते एवढंच, की वीज ही जाऊन परत यावी लागते. नळाचं पाणी मोरीतून वाहून गेलं पाहिजे, मोरी तुंबली की घरभर पसरतं, तसंच काहीसं. बल्बकडं जाणारी वायर असते, पण परत येणारी वायर बहुतेक ट्रॉल्यांना नसतेच. मिस्त्री म्हणतो, "ट्रॉली लोखंडाची आहे ना, लोखंडातून येईल परत." येते की! पण कुठून? दिव्याच्या गंजलेल्या पट्टीतून, मग रंगावरून, मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या त्या पिनेतून. त्या पिनेला ग्रीस, चिखल, शेण, सगळं लागलेलं. वाट तुंबली की वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून शिरून परतीचा रस्ता शोधते. म्हणून ब्रेकचा दिवा लावायला जावं तर इंडिकेटर पेटतो. यालाच मिस्त्री लोक 'अर्थिंग' म्हणतात, आणि ट्रॉलीच्या दिव्याची दुखणी बहुतेक तिथंच असतात.

मी जुन्या टेबलफॅनची लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला धरायला भावाला सांगितलं, दुसरं टोक दिव्याच्या लोखंडी बुडाला मी टेकवलं. दिवा असा लख्ख झाला, की मिस्त्रीसुद्धा "अरेच्चा" म्हणाला. बल्ब तिन्ही चांगले होते. ते माझ्या शिलाईच्या डब्यात अजून आहेत.

ही परीक्षा लक्षात ठेवा. वायर लावल्यावर दिवा सुधारला, तर दोष अर्थिंगचा. सुधारला नाही, तर मग बल्ब, होल्डर किंवा जाणारी वायर पाहायची.

आता नवं बसवून घेताना काय काय सांगायचं ते पाहू.

ट्रॅक्टरच्या मागं एक सात भोकांचं सॉकेट बसतं आणि ट्रॉलीच्या वायरीला सात पिनांचा प्लग. प्लग उघडून पाहिला तर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. सगळीकडे चालणारी पद्धत अशी: एक नंबर डावा इंडिकेटर, वायर पिवळी. चार नंबर उजवा इंडिकेटर, वायर हिरवी. तीन नंबर अर्थिंग, वायर पांढरी. सहा नंबर ब्रेकचा दिवा, लाल. सात नंबर डावीकडचा टेल लॅम्प, काळी. पाच नंबर उजवीकडचा, तपकिरी. दोन नंबर निळी, ती आपल्याकडे बहुधा रिकामीच राहते. डावं-उजवं हे चालवणाऱ्याच्या सीटवर बसून ठरवायचं. मात्र आपल्या बाजारात मिस्त्रीच्या हाताला जो रंग लागेल तो लागतो, म्हणून रंगावर विसंबू नका, आकड्यावर विसंबा. आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग लावला ते एका कागदावर लिहून घ्या. तो कागद मी तरी देव्हाऱ्याच्या खणात, ट्रॅक्टरच्या कागदपत्रांजवळ ठेवायला सांगितला आहे. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा असेल.

तीन नंबरची पांढरी वायर इतरांपेक्षा जाड घ्यायला सांगा, कारण सगळ्या दिव्यांची परतीची वीज तिच्यातून येते. ती प्रत्येक दिव्याच्या बुडापर्यंत न्यायची. जिथं बोल्टनं कसायची तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासायचा. कसल्यावर वरून थोडं व्हॅसलिन, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा गंज धरत नाही. मिस्त्री म्हणेल, कशाला एवढं, लोखंडातून चालते ना. चालू द्यायचं नाही!

फ्यूजशिवाय तर वायर लावूच देऊ नका. बॅटरी बारा व्होल्टची असते, तिचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक तिला भीत नाहीत. पण वायर घासून उघडी पडली नि लोखंडाला लागली की ती तापून लाल होते. वर तणस भरलेलं असलं तर पुढचं मी सांगायला नको. दोन टेल लॅम्पचे साधे बल्ब पाच-पाच वॅटचे, ब्रेकचे दोन एकवीस-एकवीसचे. सगळे मिळून साडेचार अँपिअरच्या आतलंच काम आहे. बाजूचा इंडिकेटर लागला तर आणखी दोन धरा. तेव्हा दहा अँपिअरचा फ्यूज पुरतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवायची, हेही मिस्त्री विसरतात.

टेल आणि ब्रेक यांचा बल्ब बहुधा एकच असतो, आत दोन तारा असलेला. त्याच्या बुडाला दोन बारीक खिळे असतात, ते एका उंचीवर नसतात. दाबून फिरवला की बसतो. बसत नसेल तर उलटा धरला आहे असं समजा, जोर करू नका. उलटा बसवला तर टेलचा दिवा झगझगीत लागतो नि ब्रेकचा मंद. नव्या एलईडीच्या दिव्यांत ही भानगड नाही, वीजही कमी लागते, खड्ड्यांनी तार तुटत नाही. घ्यायचेच असतील तर तेच घ्या. फक्त इंडिकेटरची टिकटिक फार भराभर होऊ लागली, तर दिवे बिघडलेले नाहीत, फ्लॅशर बदलावा लागेल.

दिवा बसवायची जागा फार महत्त्वाची. आमच्या पत्रलेखिकेचा दिवा फुटला तो फाळक्यानं. कट्टे उतरवताना मागचा फाळका धाडकन खाली सोडतात आणि तो दिव्यावर आपटतो. म्हणून दिवा फाळक्याच्या वाटेत नको. खालच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही टोकांना, भोवती लोखंडी जाळी करून घ्या. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देतो. (वेल्डिंग आधी, वायरिंग नंतर. उलटं केलं तर वायरी जळतात. आमच्याकडे झालं आहे.) वायर खालून पाइपमध्ये घालून न्यायची आणि जिथं ट्रॅक्टर नि ट्रॉली जोडतात तिथं तिला थोडी ढील ठेवायची. वळणावर ताण पडता कामा नये, आणि जमिनीवर लोळताही कामा नये. ट्रॉली सोडली की प्लग खाली चिखलात टाकून देतात, तसं न करता त्याला वर टांगायला एक आकडा ठोकून घ्या. उंदरांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

हे सगळं सामान मध्यम प्रतीच्या एका साडीच्या पैशांत बसतं. मी साडीचं उगाच म्हणत नाही, मी भावाला दिवाळीच्या ओवाळणीत तेच मागितलं होतं.

वरोऱ्याच्या एका वाचक भगिनीनं मागं विचारलं होतं. त्यांचा केटरिंगचा धंदा आहे, जीपच्या मागं जनरेटरची छोटी ट्रॉली जोडतात. ट्रॉलीकडची बाजू वर सांगितली तीच. पण मोटार किंवा जीप नवी असेल तर तिच्या मागच्या दिव्याची वायर कापून त्यात जोड देऊ नका. आजकालच्या गाड्यांत काँप्युटर असतो, तो बल्बकडं किती वीज गेली ते मोजतो. जास्तीचे दोन दिवे जोडले की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, मग तो खूण दाखवतो किंवा दिवाच बंद करतो. त्यासाठी एक छोटी डबी मिळते. ती गाडीच्या दिव्याकडून नुसता इशारा घेते आणि वीज थेट बॅटरीकडून, फ्यूजमधून आणते. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. वायरला टोचून बसणाऱ्या क्लिपा लावून घेऊ नका. त्या आतल्या बारीक तारा तोडतात आणि पाऊस लागला की हिरव्या पडतात.

आता रोजचं. संध्याकाळी ट्रॅक्टर निघायच्या आधी एकानं सीटवर बसायचं, एकानं मागं उभं राहायचं. दिवे, ब्रेक, डावा, उजवा. मुलांना हे काम सांगा, ती आनंदानं करतात. मोठ्यानं ओरडून सांगायला मिळतं ना! घरात दुसरं कुणी नसलं तर ट्रॉली भिंतीकडं पाठ करून उभी करा, भिंतीवर लाल उजेड पडतो. मग ओलं फडकं घेऊन दिव्याच्या काचा आणि रिफ्लेक्टर पुसायचे. बांधीतून आलेल्या ट्रॉलीवर चिखल इतका असतो, की खाली रिफ्लेक्टर आहे हे घरच्यांनाही ठाऊक नसतं.

रिफ्लेक्टरबद्दल दोन शब्द. "रिफ्लेक्टर आहे ना, मग दिवा कशाला," असं पुष्कळजण म्हणतात. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, मागच्या गाडीचा उजेड त्यावर सरळ पडला तरच चमकतो. वळणावर पडत नाही, धुक्यात परत येत नाही. पण बॅटरी उतरली, ट्रॅक्टर ट्रॉली सोडून गेला, तेव्हा तोच एक राखण करतो. म्हणून दोन्ही हवेत. मागं लाल पट्टी, बाजूंना पिवळी, पुढं पांढरी. पश्चिम महाराष्ट्रात ऊसगाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांवर ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना असे रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. आपल्याकडे धानाच्या हंगामात महिला मंडळानं हे मनावर घेतलं तर? एका रविवारी गावातल्या सगळ्या ट्रॉल्या होतील. पट्टी चिकटवण्याआधी लोखंड धुऊन कोरडं करायचं, एवढंच.

तणस, बांबू, जळाऊ लाकूड मागं लोंबत असलं तर खालचा दिवा झाकला जातो. मग तो असून नसून सारखाच. अशा वेळी बॅटरीवर चालणारा लाल दिवा मालाच्या अगदी शेवटच्या टोकाला बांधायचा. लाल कापड बांधतात ते दिवसाचं. रात्री कापड काळंच दिसतं.

आणि ट्रॉली पंक्चर झाली तर? आपल्याकडे काय करतात ते तुम्ही पाहिलंच आहे. मागं दोन दगड, एक फांदी, आणि सकाळी ट्रॉली गेली तरी दगड रस्त्यातच. जंगलात वाघाच्या भीतीनं रात्री कुणी ट्रॉलीजवळ थांबत नाही, हे मी समजू शकते. पण निदान ती रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवून ठेवावी, लाल चमकणारा त्रिकोण चांगला पन्नास पावलं मागं ठेवावा, आणि तो त्रिकोण सीटखाली आहे ना, हे घरून निघतानाच पाहावं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्कंड्याच्या जत्रेला, लग्नाला, रोवणीला आपण बायकाच ट्रॉलीत बसून जातो. ट्रॉली मालासाठी आहे, माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे, आणि मागं दिवे लागले म्हणून ती बसायजोगी होत नाही. लेकरांना घेऊन तर मुळीच नको. एसटीची वाट पाहावी लागते खरी.

ब्रह्मपुरीच्या भगिनीला मी हे सगळं आधीच पत्रानं कळवलं होतं. यांना कसं सांगायचं, असंही तिनं विचारलं होतं. मी लिहिलं, वाद घालू नका. रात्री जेवणं झाल्यावर ट्रॉली गावाबाहेरच्या रस्त्यावर नेऊन उभी करायला सांगा, आणि त्यांनाच मोटारसायकलवर बसवून लांबून हळूहळू यायला सांगा. ट्रॉली कुठं दिसू लागली ते त्यांनी सांगायचं, तुम्ही तिथून ट्रॉलीपर्यंत पावलं मोजायची.

परवा तिचं उत्तर आलं. अठ्ठावीस पावलं भरली म्हणे. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन आले. दिवे लागले, जाळी झाली, पांढरी वायर जाड घेतली. फक्त एक घोळ आहे: उजवा इंडिकेटर दिला की डावा लागतो. तर बाई, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्लग वायरीच्या बाजूनं पाहिला की पुढच्या बाजूच्या अगदी उलटा दिसतो, त्यात मिस्त्रीची गफलत झाली असेल. प्लग उघडून एक आणि चार नंबरच्या वायरींची अदलाबदल करून घ्या. पाच आणि सातचीही झाली असेल तर राहू दे, ते दोन्ही दिवे एकदमच लागतात. झाकण बसवण्याआधी मात्र कुणाला तरी सीटवर बसवून चारही गोष्टी पुन्हा पाहा.

पुढच्या खेपेला कुकरच्या रबराविषयी. पत्रं पुष्कळ साचली आहेत.